चौदा इंचाचं भोक

मंडळी, गेला महिनाभर इथे शुकशुकाट होता. मी आळशी आहे हे कारण तर कायमचंच, पण या वेळी आणखी एक आहे. सलग चार वीकांत मी एका छपरावर पालथा पडून काढले. छप्पर घराचं नव्हे, ट्रेलरचं. हातात प्लास्टिकची खरवडणी, खाली प्लायवूडची फळी (छप्पर दबू नये म्हणून), आणि तोंडात मराठीतले असे काही शब्द जे आंतरजालावर लिहिता येत नाहीत.

नमनाला घडाभर तेल नको, पण थोडं सांगावंच लागेल. आम्ही ओहायोत राहतो. इथे उन्हाळ्यात लोक गाडीमागे चाकांवरची एक खोली बांधतात आणि जंगलात, तळ्याकाठी जाऊन राहतात. या खोलीला म्हणायचं ट्रॅव्हल ट्रेलर. आत पलंग, शेगडी, फ्रीज, आणि पाव टेबलाएवढं बाथरूम. नवीन घ्यायचा तर खिशाला भोक पडतं, म्हणून दोन वर्षांपूर्वी आम्ही जुना घेतला. २००५ च्या नोव्हेंबरातली बनावट, बाहेरून कोरा पांढरा, एकही रंगीत पट्टा नाही. किंमत इतकी कमी की माझ्या मनात लगेच शंका यायला हवी होती. पण स्वस्त वस्तू बघितली की आपल्या लोकांची शंकेची ग्रंथी काम करेनाशी होते.

घेण्यामागचा हेतू उदात्त होता. आई-बाबा या उन्हाळ्यात बार्शीहून सहा महिन्यांसाठी येणार होते. बाबांना दमा आहे आणि हॉटेलांचे गालिचे त्यांना अजिबात चालत नाहीत. म्हटलं, आपलीच खोली बरोबर घेऊन फिरू.

एप्रिलमध्ये पाऊस पडला आणि बाथरूमच्या छताला बशीएवढा पिवळट डाग दिसला. वर चढून पाहतो तर पंख्याचं झाकण तुटलेलं. पांढरं प्लास्टिक वर्षानुवर्षं ऊन खाऊन इतकं ठिसूळ झालं होतं की बोट लावलं तर पापडासारखं मोडलं. खालचा पंखा फिरत होता, पण आवाज असा की शेजारच्या गल्लीत कुणी मिक्सरमध्ये खडे दळतंय. बायको म्हणाली, "अरे, नुसतं झाकण बदल ना." तिचं बरोबर होतं. पण झाकणं विकत घ्यायला गेलो आणि लक्षात आलं की ट्रेलरच्या छतावरचं भोक सगळ्यांचं सारखंच, चौदा बाय चौदा इंच, मात्र झाकणाच्या बिजागऱ्या कंपनीगणिक वेगळ्या. एकीचं झाकण दुसरीवर बसत नाही. आपल्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर इंटरफेस एकच, आतली करणी प्रत्येकाची निराळी. शेवटी अख्खी चौकट पंख्यासकट बदलायची ठरली.

असो. काम कसं असतं ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच निघालं.

आधी बॅटरीची तार काढायची. मग बाथरूममध्ये उभं राहून आतली प्लास्टिकची चौकट सोडवायची आणि पंख्याच्या दोन तारा कापायच्या. मग वर. चौकटीभोवती जुन्या सीलंटचा थर असतो, वाळून च्युइंगम आणि दगड यांच्या मधलं काहीतरी झालेला. तो खरवडायचा, पण धातूच्या पात्याने नाही, कारण छतावर रबराचा पातळ पापुद्रा असतो आणि तो फाटला तर बशीचा डाग परातीएवढा होतो. खालचे स्क्रू काढायचे, चौकट उचलायची. तिच्याखाली चिकट पुट्टीची पट्टी असते, आपल्याकडच्या खिडकीच्या काचेला लावायच्या लांबीची चुलतबहीण. ती साफ करायची, कुजलेलं लाकूड असेल तर बदलायचं, नवी पट्टी, नवी चौकट, नवे स्क्रू, आणि वरून स्वतःच पसरणारं सीलंट, प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर. सिलिकॉन वापरायचं नाही. रबराच्या छतावर ते धड धरत नाही आणि एकदा लावलं की त्याच्यावर दुसरं काहीच धरत नाही. चौकट बसवताना बिजागरी गाडीच्या तोंडाकडे ठेवायची, म्हणजे झाकण चुकून उघडं राहिलं तरी वारा त्याला खाली दाबतो. उलटं बसवलंत तर हायवेवर झाकण वेगळं आणि तुम्ही वेगळे.

आता माझी फजिती. भिंतीतून आलेल्या दोन तारा, एक काळी, एक पांढरी. पंख्याच्या दोन तारा, एक लाल, एक काळी. मी सुशिक्षित माणूस, काळीला काळी जोडली. पंखा झकास फिरला, आवाज नाही, मी खूष! दोन दिवसांनी मुलीने टिश्यू पेपर वर धरला तर तो चिकटायच्या ऐवजी उडून तिच्या तोंडावर आला. कारण ट्रेलरच्या बारा व्होल्टच्या वायरिंगमध्ये काळी तार धन असते आणि पांढरी ऋण. पंख्याची काळी मात्र ऋण. साध्या डीसी मोटरच्या तारा उलट जोडल्या तर ती उलटी फिरते. म्हणजे दोन दिवस आमचं बाथरूम बाहेरची हवा आत ओढून ती घरभर वाटत होतं. (स्वयंपाकघराच्या शेजारी बाथरूम आहे. पुढचं तुम्हीच समजा.)

ही फजिती ऐकून हसायला शेजारचे गृहस्थ आले. वय सत्तरच्या पुढे, निवृत्त प्लंबर, आमच्या घरात त्यांचं नाव 'आजोबा'च. त्यांनी तारा बदलून दिल्या आणि जाताना ते दाराशी थांबले. संध्याकाळचं तिरपं ऊन पत्र्यावर पडलं होतं आणि दाराच्या शेजारी, छातीच्या उंचीवर, एक आयत दिसत होता. आजूबाजूच्या पत्र्यापेक्षा किंचित जास्त पांढरा. काहीतरी चिकटवलेलं होतं आणि कुणीतरी काढलं होतं.

"हा कुठून घेतलास?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

"मी २००६ साली चर्चच्या लोकांबरोबर मिसिसिपीत घरं बांधायला गेलो होतो," ते म्हणाले. "वादळानंतर. असेच होते. ओळीने शेकडो. पांढरे, कोरे. पुढे ते विकले तेव्हा दाराशी एक नोटीस चिकटवलेली असायची."

कसली नोटीस?

"यात राहू नये म्हणून."

त्या रात्री मी गाडीच्या कागदांचा जुना इतिहास मागवला. पहिली नोंद २०१० सालची, लिलावाची. राज्य मिसिसिपी.

मंडळी, इथून पुढे पंख्याचं काम बाजूला पडलं आणि वाचन सुरू झालं. वाचता वाचता मला जे कळलं ते असं, की ही सगळी भानगड एका प्रश्नाभोवती फिरते आणि तो शंभर वर्षं कुणी नीट सोडवलेलाच नाही. ट्रेलर हे घर आहे की वाहन?

सुरुवातीला हा प्रश्न कुणाला पडायचं कारण नव्हतं. एल्कहार्ट नावाचं इंडियानातलं गाव या धंद्याची राजधानी आहे, तिथे या वाहनांचं एक संग्रहालय आहे. आम्ही एका वीकांताला जाऊन आलो. १९१३ सालचा एक ट्रेलर तिथे ठेवलाय, कॅलिफोर्नियातल्या एका प्राध्यापकासाठी बनवलेला. दिसायला घोडागाडीचा थोरला भाऊ. हौशी माणसाची हौशी गोष्ट. मग १९२९ च्या सुमारास डेट्रॉइटजवळ आर्थर शर्मन नावाच्या गृहस्थांनी, हे पेशाने जंतुशास्त्रज्ञ, विकतच्या तंबूवाल्या ट्रेलरला वैतागून स्वतःचा लाकडी ट्रेलर बनवला. लोक विचारू लागले, त्यांनी कारखाना काढला, आणि काही वर्षांत 'कव्हर्ड वॅगन' ही देशातली सगळ्यात मोठी ट्रेलर कंपनी झाली. मंदीचा काळ. नोकरी नाही, घराचा हप्ता भरता येत नाही, पण गाडी आहे, अशा लोकांनी ट्रेलर हौसेसाठी नाही तर राहायला घेतले. रॉजर बॅबसन हे त्या काळचे नावाजलेले अर्थभविष्यवेत्ते. त्यांनी तर भाकीत केलं की वीस वर्षांत निम्मी अमेरिका ट्रेलरमध्ये राहील. (भाकीत चुकलं. पण आपल्या क्षेत्रातली भाकितं बघता मी त्यांना हसणार नाही.)

हवेचा विचार तेव्हाही होता. १९३६ चा एअरस्ट्रीमचा 'क्लिपर' घ्या, चकचकीत ॲल्युमिनियमचा, बाराशे डॉलरचा. त्यात चार जणांची झोपायची सोय, स्वतःची पाण्याची टाकी, विजेचे दिवे, आणि कोरड्या बर्फावर चालणारं वातानुकूलन! बाथरूम मात्र बहुतेक ट्रेलरांत नव्हतं. ते आलं ५० च्या दशकात, मैला साठवायची टाकी पोटात घेऊन. आणि बाथरूम आलं म्हणजे वाफ आली, वास आला, ओल आली. आमच्या ट्रेलरच्या छतावरचं ते भोक आहे ते यांच्यासाठी. छोटा सहा इंची पात्यांचा पंखा. काम एवढंच, की अंघोळीची वाफ वर जावी.

याच दशकात धंद्याचे दोन फाटे फुटले. युद्धकाळात कारखान्यांच्या आणि ओक रिजसारख्या गुप्त शहरांच्या कामगारांना ट्रेलरमध्येच राहायला दिलं होतं. युद्ध संपलं तरी लोक त्यात राहतच होते. मग विस्कॉन्सिनच्या एल्मर फ्रे यांनी १० फूट रुंदीचा ट्रेलर काढला. इतका रुंद डबा रोज गाडीमागे ओढत नेता येत नाही, तो एकदाच नेऊन ठेवायचा आणि त्यात संसार करायचा. तो झाला 'मोबाइल होम'. बाकीचे ८ फुटी राहिले सुट्टीचे ट्रेलर.

पुढे सरकारने कायदे केले तेव्हा रुंद डब्याला घर मानलं. १९७६ च्या जूनपासून त्याला गृहनिर्माण खात्याचे नियम लागू झाले. १९८४ साली त्याच नियमांत फॉर्माल्डिहाइडची भर पडली: प्लायवूडमधून चाचणीत ०.२ पीपीएमहून जास्त आणि भुशाच्या बोर्डातून ०.३ हून जास्त बाहेर पडता कामा नये.

हे फॉर्माल्डिहाइड काय प्रकरण आहे? कॉलेजच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत बरणीतल्या बेडकाचा वास आठवतो? तेच. स्वस्त प्लायवूड आणि भुशाचा बोर्ड ज्या डिंकाने चिकटवतात त्यात हे असतं, आणि ते हळूहळू हवेत सुटत राहतं. गरम झालं की जास्त, दमट झालं की त्याहून जास्त, कारण पाण्याने तो डिंक तुटतो. डोळे चुरचुरतात, घसा धरतो, दमेकऱ्याला धाप लागते. २००४ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात कर्करोग करणाऱ्यांच्या पहिल्या गटात टाकलं.

आणि आठ फुटी ट्रेलरला हे नियम लागू होते का? नव्हते. कारण तो घर नाही, तो वाहन! त्यात माणूस वर्षाकाठी दोन-तीन आठवडे खिडक्या उघड्या टाकून राहणार, मग नियम कशाला? तसा तर्क बरोबरच होता. आपण नाही का लिहीत, 'हे फंक्शन फक्त अंतर्गत वापरासाठी' म्हणून, आणि तपासणी गाळतो? मग पाच वर्षांनी कुणीतरी ते बाहेरून बोलावतं.

इथे ते बोलावलं २९ ऑगस्ट २००५ ला. कॅटरिना. लुइझियाना आणि मिसिसिपीचा किनारा वाहून गेला. लाखो लोक बेघर. आपत्ती व्यवस्थापन खात्याने, म्हणजे फेमाने, दिसतील ते ट्रेलर विकत घेतले आणि वर हजारोंच्या ऑर्डरी दिल्या. कारखान्यांनी रात्रंदिवस डबे बाहेर काढले. १ लाख ४० हजारांच्या आसपास कुटुंबं यांत राहिली. दोन आठवडे नाही, वर्ष-दीड वर्ष, काही त्याहूनही जास्त. आमच्या ट्रेलरवरचा 'नोव्हेंबर २००५' हा शिक्का त्या गर्दीतला.

जरा डोळ्यासमोर आणा. आठ फूट रुंद, तीस-एक फूट लांब डबा. भिंती, कपाटं, पलंगाखालच्या पेट्या, जमीन, सगळं डिंकाचं लाकूड. घरातही असतंच हे, पण तिथे हवा भरपूर आणि लाकूड त्या मानाने कमी, इथे उलट. त्यात दक्षिणेचा दमट उकाडा. एसी लावायचा म्हणून खिडक्या बंद. चोरीच्या भीतीने रात्री बंद. आणि हवा बाहेर जायचा एकमेव हक्काचा रस्ता म्हणजे बाथरूमवरचं ते चौदा इंचाचं भोक, ज्यातला पंखा अंघोळीपुरता लावायचा आणि मग बंद करायचा.

२००६ च्या वसंतात लोकांच्या नाकातून रक्त, मुलांना खोकला, डोळ्यांची आग अशा तक्रारी यायला लागल्या. सिएरा क्लबच्या स्वयंसेवकांनी विकतचे किट लावून मोजलं तर बहुतेक ट्रेलरांत ०.१ पीपीएमच्या वर. फेमाने काय केलं? एक पत्रक वाटलं, खिडक्या उघडा म्हणून. मोजलं मात्र नाही. का नाही, ते जुलै २००७ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीसमोर बाहेर आलं. खात्याच्या वकिलांनी ई-मेलमध्ये बजावलं होतं की आमच्या परवानगीशिवाय मोजायला जाऊ नका. आकडे हातात आले आणि ते वाईट निघाले तर काहीतरी करण्याची जबाबदारी आपल्यावर येईल.

हे वाचलं आणि मी लॅपटॉप मिटून अंगणात फेऱ्या मारल्या. कारण 'टेस्ट लिहू नकोस, फेल झाली तर बग नोंदवावा लागेल' हे वाक्य मी हापिसात ऐकलंय. खरं सांगायचं तर एकदा बोललोही आहे.

आता ज्या आकड्यांनी माझी झोप उडवली ते. २००६ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सरकारने अखेर ९६ न वापरलेले ट्रेलर बॅटन रूजच्या तळावर तपासले. सगळं बंद ठेवल्यावर सरासरी १.०४ पीपीएम. एसी चालू आणि बाथरूमचं छताचं झाकण उघडं ठेवल्यावर ०.३९. आणि सगळ्या खिडक्या, सगळी झाकणं सताड उघडी टाकल्यावर ०.०९. बघा काय गंमत आहे, किंवा गंमत नाही. माझ्या तुटक्या झाकणाची जातभाई अशी ती वस्तू सरकारी प्रयोगातला एक घटक होती! आणि ती उघडूनसुद्धा पुरत नव्हतं. त्यात या अहवालातून आधी निष्कर्ष काय काढला गेला? खिडक्या उघड्या ठेवल्या तर पातळी चिंतेच्या खाली राहते. चिंतेची रेषा त्यांनी ०.३ वर मारली होती, आणि महिनोन् महिने तिथेच झोपणाऱ्या माणसाचा हिशोब त्यात नव्हता. खुद्द त्या खात्यातल्या विषतज्ज्ञाने आक्षेप घेतला तेव्हा अहवाल सुधारून पुन्हा काढावा लागला.

शेवटी रोग नियंत्रण केंद्राने, सीडीसीने, डिसेंबर २००७ ते जानेवारी २००८ मध्ये लोक राहत असलेले ५१९ ट्रेलर आणि मोबाइल होम मोजले. सरासरी ७७ पीपीबी, म्हणजे ०.०७७ पीपीएम. साध्या अमेरिकन घरात असतं त्याच्या चौपटीच्या आसपास. सगळ्यात वाईट घरात ५९०. आणि हे भर हिवाळ्यात, जेव्हा ते सगळ्यात कमी सुटतं, आणि डबे दोन वर्षं जुने झाल्यावर! आधीच्या दोन उन्हाळ्यांत किती असेल ते कुणी मोजलंच नव्हतं. मग धावपळ करून उन्हाळ्याच्या आत लोकांना बाहेर काढायची घोषणा झाली. दावा चालला, २०१२ साली ४.२६ कोटी डॉलरवर तडजोड झाली, सुमारे ५५ हजार लोकांत. माणशी पावणेआठशे डॉलर, तेही वकिलांची फी जायच्या आधी.

आणि ते ट्रेलर? २०१० साली लाखाच्या आसपास लिलावात निघाले. अट अशी की दारावर 'राहण्यासाठी वापरू नये' असं लिहिलेली पट्टी राहील आणि विकत घेणारा पुढच्या गिऱ्हाइकाला तसं सांगेल. त्याच वर्षी मेक्सिकोच्या आखातात तेल सांडलं, आणि ते उपसायला आलेल्या मजुरांना राहायला हेच ट्रेलर मिळाले. पट्टी काढायला किती वेळ लागतो? आमच्या दाराशी बघितलं तर बरीच नीट काढलीय, हेअर ड्रायर लावून काढली असावी.

त्याच जुलैत कायदा झाला. आता भुशाच्या बोर्डाला देशभर मर्यादा आहे आणि २०१८ पासून अंमलात असलेला तो नियम ट्रेलरलाही लागू आहे. म्हणजे ट्रेलर घर की वाहन याचं उत्तर कुणी दिलंच नाही, नियम थेट लाकडालाच लावला. मला हे आवडलं. वाद मिटत नसेल तर तपासणी एक पायरी खाली न्यायची.

आता माझा प्रश्न. बाबा दोन आठवड्यांत येणार होते. बायको म्हणाली, "विकून टाक."

"पुढच्याला सांगून की न सांगता?"

ती गप्प बसली. मग म्हणाली, "मग मोज तरी."

खरं सांगतो, किट मागवायला मी चार दिवस लावले. किट साधंच असतं, टांगून ठेवायचा बिल्ला, मग पाकिटात घालून प्रयोगशाळेला पाठवायचा. पण वाईट आकडा आला तर दोन वर्षं माझी मुलगी त्यात झोपलीय हेही त्याच पाकिटातून येणार होतं. तेव्हा त्या वकिलांचा क्षणभर मला फार राग आला नाही, आणि त्याचाच जास्त राग आला.

मधल्या काळात पंख्याचं काम पुरं केलं. भोकाच्या एका बाजूचं लाकूड वीतभर कुजलं होतं, ते कापून नवी पट्टी ठोकली. छोट्या पंख्याऐवजी मोठा, भोकभर पात्यांचा आणला, सावकाश रात्रभर चालणारा. एक शिकलो: पंखा कितीही मोठा आणा, बंद डब्यातून तो काहीच ओढू शकत नाही. हवा बाहेर जायची तर कुठून तरी आत यायला हवी. म्हणून दुसऱ्या टोकाची, पलंगाजवळची खिडकी दोन बोटं उघडी, आणि मध्ये माणूस. आणि संडासचं पाणी सोडताना पंखा बंद, नाहीतर टाकीतला वास वरच्या दिशेने दर्शन द्यायला येतो. आजोबांचा सल्ला.

दोन बिल्ले लावले होते. एक सगळं बंद ठेवून, जूनच्या ९० अंश फॅरनहाइटच्या दिवशी. एक पंखा चालू आणि खिडकी दोन बोटं उघडी. उत्तर आलं ते मी हापिसच्या पार्किंगमध्ये, गाडीत बसून उघडलं. बंद: ३१ पीपीबी. उघडं: ११. वीस वर्षांत डिंकाचा जोर सरला होता. पहिला आकडा साध्या घरापेक्षा थोडा वरचा, दुसरा घरासारखाच. मी बायकोला आकडे पाठवले. तिने उत्तरादाखल फक्त एवढंच विचारलं, "आणि २००६ मध्ये यात कोण होतं?"

माहीत नाही. कपाटाच्या आतल्या दारावर पेन्सिलीने उंचीच्या खुणा आहेत, तीन, एकमेकींच्या फार जवळ. आम्ही आल्यापासून त्या तिथे आहेत. मला वाटायचं आधीच्या मालकाच्या पोरांच्या असतील. असतीलही.

दाराशी त्या आयताच्या जागी मी आता एक कागद लॅमिनेट करून लावलाय: कधीचा ट्रेलर, कुठला, दोन्ही आकडे, तारखेसकट. पुढे विकीन तेव्हा तो जाईल बरोबर.

बाबांना सगळं सांगितलं, आकड्यांसकट. ते निवृत्त इंजिनियर, त्यांना आकडे आवडतात. आत जाऊन त्यांनी मान वर करून पंख्याकडे बराच वेळ पाहिलं. "हे तर साणंच आहे रे," म्हणाले. बार्शीकडच्या माळवदाच्या जुन्या घरांत छताला उजेडासाठी भोक ठेवलेलं असायचं, त्याला साणं म्हणतात. धूरही तिथूनच जायचा. "पाऊस आला की आई मला वर पिटाळायची, पत्रा टाकून ये म्हणून. रात्री-अपरात्री. भिजून यायचो."

पहिली रात्र तळ्याकाठी. अडीचच्या सुमारास पत्र्यावर थेंब वाजले. मी झाकण लावायला धडपडत उठलो, तर बाथरूमचा दिवा चालू होता आणि बाबा बनियनवर उभे राहून हँडल फिरवत होते.

"झोप तू," म्हणाले. "लावलं मी. थोडी फट ठेवलीय."